वाटीतलं फूल

ती वाटी आता माझ्या टेबलावर, चष्म्याच्या घराशेजारी असते. पांढरी, इनॅमलची, काठाला निळी रेघ. तळाशी एक फूल आहे. कुठलं, ते मला आजवर सांगता आलेलं नाही. पाच पाकळ्या, मधे पिवळा ठिपका, आणि एक देठ, जो चित्र पुरं झाल्यावर कुणाला तरी आठवण होऊन काढल्यासारखा दिसतो. देवपूरच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर ग्रंथपाल होतो, त्यामुळे वनस्पतिशास्त्राची पुस्तकं माझ्या हाताखालून पुष्कळ गेली. पण हे फूल त्यांत नव्हतं. काठाला दोन ठिकाणी टवके उडालेत, तिथं काळं लोखंड दिसतं. येणारे-जाणारे विचारतात, ही काय अँटिक का? मी हो म्हणतो. वास्तविक ते मोजमापाचं यंत्र आहे, आणि असं माप मी दोनदा चुकीचं वाचलं, एकदा वाटीत, एकदा कागदावर.

बोदवडला आमचं घर होतं. जागा अजून आहे, घरही आहे, फक्त ते दुसरं आहे. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंगचं एक जुनं गोदाम मोडलं तेव्हा त्याचे पत्रे आमच्या घरावर आले, आणि ते पत्रे बसवायला घर बांधावं लागलं, असं आई म्हणायची. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो, माझी बहीण अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.

घर बांधायला मिस्त्री आला तो भडगावचा. गिरणाकाठचा माणूस, त्याची बोली आमच्याहून वेगळी. सगळे त्याला आबा म्हणत. आला आणि दोन दिवस त्यानं करणीला हात लावला नाही. प्लॉटवर एक कडुनिंब होता, त्याखाली खाट टाकून बसून राहिला. सावली कुठून कुठे सरकते ते पाही. मुंग्या कुठून वर येतात ते पाही. मधेच उठून तांब्याभर पाणी जमिनीवर ओती आणि ते कुठं पळतं त्याच्या मागं वाकून वाकून जाई. नानांना वाटलं, माणूस आजारी आहे, नाहीतर आपण फसलो.

तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "आबा, पाया कधी खोदायचा?"

"घर मांगे बांधसूत, नाना. पहिले पानी कथाईन येस आन कथा जास, ते देखू द्या."

अक्का तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "आबा, आमच्या गावाले पानीच नाही, तर ते येईल कुठून अन् जाईल कुठी?"

आबा हसला. विड्यांनी काळे झालेले दात होते त्याचे. "येई ना, पोरी. येई तव्हय त्यालेबी घर लागी ना."

म्हणून आमच्याकडे पाण्याचं घर आधी झालं. कडुनिंबापासून आठ पावलं अलीकडे, प्लॉटच्या पुढच्या अंगाला, संडासाच्या जागेपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, जमिनीखाली एक टाकं. त्यासाठी चुना महिनाभर खड्ड्यात भिजत पडला होता. त्या चुन्याचा वास मला अजून येतो: ओला, थोडा झोंबणारा, पाऊस पडून गेलेल्या देवळासारखा. त्यात बेलफळाचा गर पडला, मेथीचं पाणी पडलं, गूळ पडला. गूळ पडायच्या आधी थोडा आमच्या तोंडात पडला. नानांनी एकदा भीत भीत सुचवलं की आता सिमेंट मिळतं.

"शिमिट मुकं ऱ्हास," आबा म्हणाला. "चुना बोलस."

टाकं पुरं झालं तेव्हा त्यानं आम्हा दोघांना आत उतरवलं, कान भिंतीला लावायला सांगितले आणि करणीच्या मुठीनं वरून ठोकलं. "बोलना का?"

मी हो म्हटलं. मला काही ऐकू आलं नव्हतं. पण इतका मोठा माणूस इतक्या आशेनं विचारतोय म्हटल्यावर हो म्हणावं, असं मला त्या वयातही वाटायचं. पुढे मी समित्यांवर वगैरे गेलो त्याचं मूळ बहुधा तिथंच आहे.

अक्का म्हणाली, "मले आलं. घागरीत तोंड घालून कोनी हाक मारल्यावानी."

मग घर झालं. जोतं उंच. पश्चिमेची भिंत आंधळी, तिला एक झरोकासुद्धा नाही, कारण आमच्याकडचं तिसऱ्या प्रहरचं ऊन घरात घ्यायच्या लायकीचं नसतं. खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला, एकमेकींच्या समोर, म्हणजे वारा एका दारानं आलेल्या पाहुण्यासारखा दुसऱ्या दारानं निघून जाई. न्हाणीचं पाणी केळीला जाई. तांदूळ धुतलेलं पाणी मिरचीला. अंगणाला उतार होता, पण असा की चालणाऱ्याला कळू नये आणि पाण्याला कळावा. पर्यावरण हा शब्द तोवर आमच्या घरात आलेला नव्हता. तो पुष्कळ नंतर आला, आणि आला तेव्हा सोबत फलक घेऊन आला.

बोदवडच्या विहिरींचं पाणी जड. त्यात डाळ शिजत नसे. आई सकाळी चुलीवर चढवलेल्या डाळीकडे दुपारी अशा नजरेनं बघायची की मी डाळ असतो तर शरमेनं शिजलो असतो. टाक्यातल्या पाण्यात तीच डाळ दोन उकळ्यांत विरघळे. त्या वरणाला एक वास होता. नंतर मी पुष्कळ गावांचं वरण खाल्लं, तो वास नव्हता. पाण्याला वास नसतो असं शाळेत शिकवतात. शाळेत काय, पुष्कळ शिकवतात.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली, झाडांचे झोके सोडून ठेवले, की नाना पत्र्यावर चढत. वर्षभराचा ऐवज तिथं साठलेला असे: आगगाडीच्या इंजिनांचा कोळसा, जिनिंगमधून उडालेला कापसाचा भुरा, कडुनिंबाचा पाला, कबुतरांची कृपा. झाडून ते सगळं खाली येई. मग नाना टाक्यात उतरत. वरून त्यांचं फक्त डोकं दिसे, आणि आवाज मात्र नानांहून मोठ्या कुणाचा तरी असल्यासारखा वर येई. "केरसुणी दे!" हे ते इतकं गंभीरपणे म्हणत की देवानं मागितल्यासारखं वाटे. आतला वास थंड, चुन्याचा, जुन्या कागदासारखा. पुढे कॉलेजच्या तळघरात, जुन्या पुस्तकांच्या मांडण्यांपाशी, तोच वास मला भेटला. मी तिथं इतकी वर्षं टिकलो ते पुस्तकांमुळे, असा लोकांचा समज आहे.

आमच्या घरी पहिल्या पावसाला काडीची किंमत नव्हती. शेजारची मुलं भिजत, नाचत. आम्हाला ते चमत्कारिक वाटे. नाना म्हणत, "पहिलं पानी पत्र्याचं. त्याले तोंड धुऊ द्या." ते पाणी कोळशाच्या रंगाचं उतरे आणि गल्लीत जाई. दुसरा पाऊस कडुनिंबाचा. तिसरा आमचा, तोही असाच नव्हे, परीक्षा घेऊन.

पत्र्याच्या कडेला पन्हाळ होती. तिच्या टोकाला कोपरासारखं वाकलेलं एक नळकांडं नानांनी बसवलं होतं, जिनिंगच्याच कुठल्या तरी यंत्राचं. ते फिरे. एकीकडे फिरवलं की पाणी बाहेर, कडुनिंबाकडे, दुसरीकडे फिरवलं की टाक्यात. तिसरा पाऊस सुरू झाला की नाना खाली टाक्याच्या तोंडाशी, हातात लोखंडी सळई घेऊन, डोक्यावर पोतं. पन्हाळीला शिडी लावलेली. शिडीवर ही वाटी घेऊन मी, आणि शिडी धरून खाली अक्का. पडत्या पाण्याखाली वाटी धरायची, भरायची, बाहेर घ्यायची, पाणी ठरू द्यायचं आणि आत बघायचं. बस, इतकंच.

"फूल दिसलं का?" नाना खालून ओरडत.

"नाही!"

पुन्हा वाटी. पत्र्यावर पाऊस इतका वाजे की आपण नगाऱ्यात राहतो असं वाटे. पहिल्यांदा फुलाची नुसती जागा दिसे, मग पिवळा ठिपका, मग पाकळ्या. देठ सगळ्यात शेवटी. देठ दिसला की फूल दिसलं, असा नियम होता.

"दिसलं का?"

"दिसलं!"

मग सळईचा खण्ण आवाज, नळकांडं फिरे, आणि टाक्याच्या पोटात पाणी पडल्याचा तो पहिला आवाज येई. तसा आवाज मी नंतर ऐकलेला नाही. घराच्या खालून कुणीतरी हुंकार दिल्यासारखा. त्या क्षणी पुढचं वर्ष ठरे. आई आतून डाळीचा डबा काढी.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना एका वर्षी दुसऱ्या आणि तिसऱ्या पावसात मोठी उघडीप पडली. पत्रा पुन्हा काळा झाला. आणि तिसरा पाऊस आला तो नेमका त्या दिवशी, ज्या दिवशी गावात कुणी मोठे पुढारी नळयोजनेचं भूमिपूजन करायला यायचे होते. बाजाराच्या पटांगणात मांडव पडला होता. बँड आला होता, भुसावळचा, लाल कोटांचा. गावाला पाणी मिळणार म्हणून सगळा गाव पावसात भिजत मांडवाकडे निघालेला, आणि मी शिडीवर, हातात वाटी. बँड वाजायला लागला. पावसातून तो मधेच ऐकू येई, मधेच बुडे.

"दिसलं का?"

पिवळा ठिपका दिसत होता. पाकळ्या असाव्यात असं वाटत होतं.

"दिसलं!" मी ओरडलो, शिडीवरून उडी मारली आणि पळालो.

पुढाऱ्यांनी कुदळ मारली. कुदळीला फीत बांधली होती. ते काय बोलले ते मला आठवत नाही. तुतारीवाल्याच्या तुतारीतून पाणी ओघळत होतं, एवढं आठवतं. नळ गावात आला तो पुष्कळ वर्षांनी, आणि अजून तो पंधरा-पंधरा दिवसांनी येतो, आल्यावर पाहुण्यासारखा थोडा वेळ थांबतो. समारंभांबद्दल मी कुत्सित बोलतो अशी माझी ख्याती आहे. तिची सुरुवात त्या दिवशी झाली, आणि माझा राग समारंभावर नाही.

आठ-दहा दिवसांनी टाक्याचं झाकण काढलं तेव्हा वास आला. नानांनी घागर सोडली. वर आलेल्या पाण्यात कापसाचे काळे पुंजके तरंगत होते, आणि आणखी काही होतं, जे आईनं आम्हाला पाहू दिलं नाही. दोन दिवस नाना एकटे उपसत होते. ते सगळं पाणी गल्लीत गेलं. आणि त्या वर्षी त्यानंतर धड पाऊसच झाला नाही.

उपसून झाल्यावर नाना ओट्यावर बसले. हातांना चुना लागलेला. "दिसलं म्हणून कोन ओरडलं होतं?"

पत्र्यावरच्या पावसात आम्हा भावंडांचे आवाज सारखेच येत. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "मी."

"तू तर शिडी धरून होती."

"हा लहान हाये. याले कुठी कळतं? मीच डोकावून पाह्यलं अन् ओरडली."

नाना मारणारे नव्हते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग पानी तू आन."

ते वर्षभर अक्कानं पाणी आणलं. स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला एक नळ होता, तिथून. पहाटेची पॅसेंजर गेली की नळ मोकळा होई. दोन हंडे डोक्यावर, एक कळशी कमरेवर. सुरुवातीला ती इतिहासाचं पुस्तक परकराच्या ओच्यात खोचून न्यायची आणि रांगेत पाठ करायची. परत येताना मोठ्यानं म्हणायची, मी ओट्यावरून ऐकायचो: लढाया, तह, पुन्हा लढाया. दिवाळीनंतर ती नुसती पाणी घेऊन यायला लागली. ते तिचं मॅट्रिकचं वर्ष होतं. मार्चमध्ये तिच्या मैत्रिणी परीक्षेला जळगावला गेल्या, तेव्हा ती स्टेशनवर होतीच. त्यांची गाडी फलाटावर थांबली तेव्हा तिनं हंडे खाली ठेवले आणि त्यांना हात केला, असं तिनंच मला सांगितलं, हसत हसत.

मी नानांना कधीच सांगितलं नाही. आधी भीती म्हणून, मग सवय म्हणून, मग ते गेले म्हणून.

अक्काचं लग्न झालं, आणि चार वर्षांत ती कडेवर योगेशला घेऊन बोदवडला परत आली. शिवणयंत्र घेतलं, ते टाक्याच्या फरशीशेजारी, कडुनिंबाच्या सावलीत ठेवलं. मी शिकलो, धुळ्याला आलो, देवपुरात घर केलं. आई गेली, नाना गेले. अक्का आणि टाकं राहिलं. दर वर्षी तिसऱ्या पावसाला ती शिडी लावायची. आता शिडीवर योगेश आणि खाली सळई घेऊन ती. गावात टँकर आले, टँकरपाशी भांडणं आली, प्लॅस्टिकचे जार आले. अक्का कुणाच्या दारात घागर घेऊन उभी राहिली नाही. तिच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं. पण पाणी तिचं होतं.

योगेश सिव्हिल इंजिनीअर झाला. जळगावला असतो, मन लावून काम करतो, आईवर जीव आहे. गेल्या वर्षी त्यानं फोन केला. "मामा, जुनं घर पाडून नवीन बांधतोय. ग्रीन होम. नाशिकचा आर्किटेक्ट आहे. सोलर, ड्रेनेजचं पाणी शुद्ध करून बागेला, पावसाचं पाणी, सगळं. सर्टिफिकेट मिळतं."

"घरालाही मिळतं का आता?"

"तुम्ही चेष्टा करणारच. पण आई सही करत नाहीये. म्हणते, टाकं राह्यलं तर घर. मी म्हटलं, अगं पाण्याची सोय आहेच नकाशात. तर म्हणते, मामा पाहून सांगेल तेव्हाच."

अक्काला नकाशा वाचता येत नव्हता. तो वाचता येईल अशी शाळा तिनं कधी पुरी केली नाही, आणि ती का केली नाही हे तिला आणि मला, जगात दोघांनाच ठाऊक होतं.

मी बोदवडला पोचलो तो भूमिपूजनाच्याच दिवशी. अंगणात हिरवी प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली होती, थेट कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत. टाक्याची फरशीही तिच्याखालीच कुठेतरी. दारात फलक: 'हरित वास्तू'. पाहुण्यांना पाण्याच्या छोट्या बाटल्या वाटत होते. दोन घोट पिऊन लोक त्या हिरवळीवर टाकत. ध्वनिक्षेपकावर एक गृहस्थ पाणी आणि जीवन यांचा संबंध उलगडून सांगत होते. मी मनातल्या मनात नेहमीची शेरेबाजी करत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मजेत होतो.

अक्का आत, मोकळ्या झालेल्या स्वयंपाकघरात, एकटी खुर्चीवर बसली होती. नवं लुगडं. मांडीवर कागद, हातात पेन.

"आला का? हे पाह्य." तिनं नकाशाची गुंडाळी माझ्यापुढे केली. "सगळे म्हनतात, हाये, हाये. मले काय कळते त्यातलं? तू पाह्य. टाकं दिसते का त्याच्यात?"

मी गुंडाळी उलगडली. एक टोक सारखं मिटत होतं. रेघा, आकडे, बाण. बाहेर माझं नाव पुकारलं गेलं: ज्येष्ठ विचारवंत, ग्रंथमहर्षी. सत्काराला बोलावत होते. आजवर माझ्याकडे अकरा शाली जमल्या आहेत आणि एकीनेही थंडी भागत नाही, हे मी चार लोकांत नेहमी सांगतो. नकाशावर एक निळा चौकोन होता. त्यावर लिहिलं होतं, पर्जन्यजल. योगेश दारात येऊन म्हणाला, "मामा, चला ना, सगळे थांबलेत."

"दिसलं का?" अक्कानं विचारलं.

"दिसलं," मी म्हटलं.

तिनं सही केली. मी बाहेर जाऊन बारावी शाल घेतली.

निळा चौकोन घराच्या मागच्या अंगाला होता, जिथं पूर्वी संडास होता. आमचं टाकं पुढच्या अंगाला, कडुनिंबापासून आठ पावलं. नकाशा कुठल्या बाजूनं धरलाय, एवढंच पाहायचं होतं. चौकोन म्हणजे पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा. त्यात वाईट काही नाही, उलट चांगलंच आहे, सगळ्यांनी करावं. पण त्यातून घागर भरून निघत नाही. आणि टाक्याच्या बरोबर मधोमध पोर्चचा खांब होता. योगेशनं फसवलं नाही. त्याच्या लेखी पाण्याची सोय म्हणजे पाण्याची सोय. जुनी गेली, शास्त्रशुद्ध आली. त्यानं मला नकाशा पाहायला दिला होता, आणि मी पाहिला होता.

जुनं घर पाडलं तेव्हापासून अक्का समोरच्याच एका खोलीत भाड्यानं राहत होती. खोदायचं पिवळं यंत्र आलं तेव्हा ती दारात मेथी निवडत होती. मला तिनं नंतर सांगितलं, "आवाज आला रे. घंटेवानी. म्हटलं, आबा खरं सांगत व्हता, चुना बोलते." ती धावत गेली तोवर दुसरा घाव बसला होता. योगेशला फोन लावला, तो बोलला, "आई, मामांनी पाहिलं होतं ना?" मग तिनं मला लावला. म्हणाली, "तू ये," आणि ठेवून दिला.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. टाक्याची एक भिंत फुटून पाणी पायाच्या खड्ड्यात भरलं होतं. वैशाखातलं ऊन, आणि त्या खड्ड्यात आदल्या पावसाळ्याचं पाणी, इतकं स्वच्छ की तळातले यंत्राच्या दातांचे ओरखडे मोजता येत होते. खांब भरायचा म्हणून डिझेलचा पंप लावून ते उपसत होते. पंपाचा धूर, आणि त्यातून तो वास, थंड चुन्याचा. पाणी गल्लीत वाहत होतं, आणि गल्लीतल्या बाया हंडे, बादल्या, मुलांचे डबे, मिळेल ते घेऊन धावत होत्या.

त्यातली एक म्हणाली, "अक्का, काय गोड पानी हाये वो! फेकून काहून राहिल्या?"

"फेकत नाही, बाई. वाटू राह्यली," अक्का म्हणाली. "भर तू. तुह्या सासूलेही सांग. डाळ चांगली शिजते."

योगेश खड्ड्याच्या काठावर उभा होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात तोच नकाशा. मला म्हणाला, "मामा, मला वाटलं तुम्ही तिला समजावलं असेल." तो मागं फिरला आणि उगाचच पंपवाल्यावर ओरडला.

संध्याकाळपर्यंत पंप चालला. शेवटी तळाशी ओंजळ-दोन ओंजळ उरलं. अक्का पदर खोचून उतरली. तिचे गुडघे दुखतात. मी हात दिला, तो तिनं धरला नाही. तिनं ही वाटी आणली होती. तळातलं पाणी वाटीत घेतलं, वर आली आणि वाटी माझ्यासमोर धरली.

फूल दिसत होतं. पाकळ्या, ठिपका, देठ. त्याच्यावर पाणी आहे हे सांगावं लागलं असतं.

"अक्का," मी म्हटलं, "चूक माझी होती. दोन्ही वेळेला."

"माहीत हाये मले." ती पाण्याकडेच पाहत होती. "त्या टायमाले नाना होते. मी म्हटलं, मी ओरडली, झालं. आता नाना नाही. आता कोनाले सांगू, की मी ओरडली म्हनून?"

तिनं वाटीतलं पाणी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतलं. पदरानं वाटी पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या पिशवीत टाकली. "ने. आता इथी पाहासारखं काही नाही राह्यलं."

घर झालं. चांगलं झालंय. बैठकीत सर्टिफिकेट आहे, चौकटीत, त्यावर तीन हिरवी पानं. पश्चिमेला मोठी काचेची खिडकी आहे आणि तिच्यातून येणाऱ्या उन्हासाठी वातानुकूलन आहे, तेही विजेची बचत करणारं. कडुनिंब शेवटी पोर्चच्या आड येत होता. त्याच्या जागी कुंड्या आहेत. अक्काला वरची खोली दिली आहे. नळाच्या दिवशी ती खाली येते, नळाला आलेलं पाणी पाहते, परत वर जाते. मधल्या दिवसांत टँकर येतो. योगेश तिला काही कमी पडू देत नाही. मी गेलो तेव्हा तिनं वरण केलं होतं. दोघांनी ते चावून चावून खाल्लं.

यंदा मी देवपूरच्या घराच्या पन्हाळीला एक कोपर बसवून घेतला. खाली काळी प्लॅस्टिकची टाकी, बाजारात मिळते तसली. प्लंबर म्हणाला, "काका, फिल्टर टाका ना दोन हजाराचा. ही वाटी कशाला?" मी म्हटलं, अँटिक आहे. पहिला पाऊस आला, तो पत्र्याला दिला. माझ्याकडे पत्रा नाही, गच्ची आहे, पण तोंड तिलाही धुवावंच लागतं. दुसरा दारच्या कढीपत्त्याला. तिसरा काल दुपारी आला.

मी स्टुलावर चढलो. या वयात चढू नये. वाटी भरली, बाहेर घेतली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. अक्का होती.

"तिकडं पाऊस हाये का रे?"

"आहे. तिसरा."

"आवाज येऊ राह्यला. शिडीवर हाये काय?"

"स्टुलावर."

"धरलं कोनी?"

"कुणी नाही."

मग तिनं विचारलं, नाना विचारत तसंच, पावसावरून आवाज पोचावा म्हणून जरा मोठ्यानं: "फूल दिसलं का?"

मी पाहिलं. पाणी ठरायची वाट पाहिली, चष्मा शर्टाला पुसला, पुन्हा पाहिलं. पिवळा ठिपका होता. पाकळ्या होत्या, चारतरी. देठाच्या जागी गढूळ होतं. हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं.

"नाही, अक्का," मी म्हटलं. "अजून नाही."

"मंग थांब," ती म्हणाली.

मी वाटी रिकामी केली आणि पुन्हा पाण्याखाली धरली. फोन तिनं ठेवला नव्हता.